परभणीच्या बाजारातला समुद्र

परभणीहून सरळ रेषेत मोजले तरी अरबी समुद्र सुमारे चारशे किलोमीटरांवर आहे. जिल्ह्यातले पाणी तर त्या बाजूला जातही नाही. दुधना पूर्णेला मिळते, पूर्णा गोदावरीला, आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. गंगाखेडच्या घाटावर सोडलेले निर्माल्य तरलेच तर आंध्रच्या किनाऱ्याला लागायचे. समुद्री प्राण्यांवरची पुस्तके बहुधा ओहोटीच्या वेळी एखाद्या खडकाळ किनाऱ्यावर सुरू होतात. इथल्या वाचकाला ती सोय नाही. पण देव्हारा, पोळ्याचा बैल, काष्ठौषधीचे दुकान, सराफाची पेटी आणि आठवडी बाजारातले सुकटीचे पोते एवढी पाच ठिकाणे नीट पाहिली, तरी समुद्रातल्या प्राण्यांचे बरेच मोठे गट नजरेखालून जातात.

या ओळखीत एक खोट आहे, ती आधीच सांगितलेली बरी. समुद्रापासून इतक्या दूर येतो तो फक्त टिकाऊ माल. कवच येते, हाड येते, वाळवलेले शरीर येते. मऊ, पाणीदार, हात लावताच विरघळणारे जे असते ते किनाऱ्यावरच राहते. आणि समुद्रात मऊ शरीरांची संख्या प्रचंड आहे. म्हणून आधी टणक प्राणी पाहू आणि मग न येणाऱ्यांकडे वळू.

पोळ्याला बैलाच्या गळ्यात कवड्यांची माळ दिसते. तुळजापूरच्या भवानीचे आराधी आणि गोंधळी यांच्या गळ्यातही ती असते. जिथे समुद्र कुणी पाहिलेला नाही अशा गावातल्या म्हाताऱ्या बाईलाही कवडी परकी वाटत नाही, आणि सोयाबीनचा भाव पडला की शेतकरी पहिले नाव तिचेच काढतो. ही कवडी म्हणजे एका समुद्री गोगलगायीचे घर. जिवंतपणी ती उथळ, उबदार पाण्यातल्या प्रवाळांच्या आसपास राहते, दिवसा सांदीत दडते आणि रात्री बाहेर येऊन शेवाळ खरवडून खाते. तिच्या जिभेवर बारीक दातांच्या ओळी असतात, किसणीचे काम त्या करतात.

माळेतली कवडी हातात घ्या. कुणी पॉलिश न करताही ती चकचकीत असते. गोगलगायीचे बाकी भाईबंद कवच पाठीवर उघडे वागवतात, त्यावर शेवाळ धरते, ओरखडे पडतात. कवडीतला प्राणी मात्र आपल्या शरीराचा एक मांसल पडदा दोन्ही बाजूंनी वर आणून, बैलाच्या अंगावर झूल टाकावी तसा, कवचावर पांघरतो. कवच झाकलेले राहते आणि त्यावर नवे थर चढत राहतात. लहानपणी हेच कवच पातळ, साध्या गोगलगायीसारखे पिळाचे असते. प्राणी वयात आला की कवचाची कड आत वळते, तिला दात फुटतात, पीळ आत झाकला जातो. त्यानंतर कवडी लांबीने वाढत नाही, फक्त जाड होत जाते.

आपल्याकडे चलन म्हणून चाललेल्या लहान पिवळसर कवड्यांचा मोठा पुरवठा मालदीव बेटांतून होत असे. चौदाव्या शतकात इब्न बतूता त्या बेटांवर काही काळ काझी होता. तिथले लोक समुद्रातून कवड्या गोळा करतात, मांस नाहीसे होऊन नुसते पांढरे कवच उरेपर्यंत त्या खड्ड्यांत पुरून ठेवतात आणि बंगालला देऊन तांदूळ घेतात, असे त्याने नोंदवले आहे. चलन म्हणून कवडीची निवड विचारपूर्वकच झाली असावी. ती झिजत नाही, सडत नाही, मोजायला सोपी असते, आणि खोटी बनवायला गेले तर खरीपेक्षा महाग पडते.

मऊ शरीर, त्यावर मांसल पडदा आणि त्या पडद्यातून पाझरलेले चुन्याचे कवच, अशी घडण असलेल्या गटाला मृदुकाय म्हणतात. या गटाचा एक सभासद मराठवाड्याला २०२२ च्या खरिपात चांगलाच कळला. शंखी गोगलगायींनी त्या वर्षी सोयाबीनची कोवळी रोपे रातोरात फस्त केली. शेतातली ती गोगलगाय आणि देव्हाऱ्यातला शंख यांचे नाते जवळचे आहे. पूजेचा शंख ज्या प्राण्याचा, तो मन्नारच्या आखातात आणि कच्छच्या आखातात वाळूच्या तळावर राहतो, आणि तो शाकाहारी नाही, वाळूत राहणारे किडे तो खातो. तुतिकोरिनचे पाणबुडे शतकानुशतके त्याच्यासाठी बुड्या मारत आले आहेत.

उजव्या शंखाबद्दल थोडे सांगायला हवे, कारण त्यात पैसा गुंतलेला असतो. शंखाची शेंडी वर आणि तोंड आपल्याकडे धरले, तर नेहमीच्या शंखाचे तोंड उजवीकडे उघडते. फार क्वचित एखादा उलट्या पिळाचा निघतो आणि त्याचे तोंड डावीकडे येते. आपण शंख शेंडी खाली करून पाहतो, म्हणून तोच आपल्या लेखी उजवा, म्हणजे दक्षिणावर्ती. त्याची किंमत लाखांत सांगितली जाते. पण अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर आणि मेक्सिकोच्या आखातात एक वेगळ्याच जातीची गोगलगाय आहे, तिचा पीळ जन्मजात उलटा असतो. त्या जातीत जवळजवळ सगळ्याच अशा. तिचे कवच इथे दक्षिणावर्ती म्हणून विकले जाते. पारख सोपी आहे. शंखाच्या तोंडातून आत डोकावून मधला खांब पाहावा. खऱ्या शंखाच्या खांबावर तीन-चार ठळक आडव्या वळ्या असतात, अमेरिकन कवचाचा खांब गुळगुळीत असतो. श्रद्धा ज्याची त्याला, पण पैसे मोजण्याआधी आत पाहायला कुणाची हरकत नसावी.

काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेस मागितला तर पांढरा, हलका, लांबट तुकडा मिळतो. एका बाजूने कडक आणि दुसऱ्या बाजूने नखानेही खरवडता येईल इतका ठिसूळ. कानाच्या औषधात तो वापरतात, आणि पोपटाच्या पिंजऱ्यातही अडकवतात. (देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणे कायद्याने गुन्हा आहे, तो भाग वेगळा.) लाटांचा फेस वाळून हा पदार्थ होतो अशी जुनी समजूत. प्रत्यक्षात ते माकुळाच्या शरीरातले कवच आहे.

माकूळ हाही मृदुकायच, कवडीचा आणि शंखाचा चुलतभाऊ, पण याने कवच बाहेर वागवण्याऐवजी आत घेतले आणि वेग कमावला. त्या कवचात शेकडो बारीक कप्पे असतात. कप्प्यांतले द्रव कमी-जास्त करून माकूळ पाण्यात वर-खाली होतो, शेपूट न हलवता. प्राणी मेला, मांस कुजले, की वायूने भरलेले कप्पे कवचाला तरंगवत किनाऱ्यावर आणतात आणि वेचणारे ते वेचून बाजारात पाठवतात.

मला विचाराल तर समुद्रातला सर्वांत चकित करणारा प्राणी देवमासा नव्हे, हा माकूळ. त्याला तीन हृदये आहेत. रक्त निळसर आहे, कारण प्राणवायू वाहून नेण्याचे काम त्यात लोहाऐवजी तांबे करते. तोंडाभोवती आठ हात आणि शिकार झटकन ओढून घेणारे दोन लांब बाहू. कातडीत रंगाच्या असंख्य सूक्ष्म पिशव्या असतात, त्या स्नायूंनी ताणल्या की रंग पसरतो, सोडल्या की आक्रसतो. डोळ्याची पापणी लवेपर्यंत तो वाळूच्या रंगाचा, खडकाच्या रंगाचा किंवा पट्ट्यापट्ट्यांचा होतो. आणि एवढा रंगारी असूनही त्याच्या डोळ्यात रंग ओळखणारी पेशी एकाच प्रकारची आहे, म्हणजे आपल्या अर्थाने तो रंगांध आहे. संकटात तो शाई सोडून सटकतो. जुन्या फोटोंचा जो तांबूस तपकिरी रंग आपण सेपिया म्हणून ओळखतो, तो मुळात याच शाईचा. इतकी बुद्धी, इतकी यंत्रणा, आणि आयुष्य जेमतेम एक-दोन वर्षांचे.

सराफाकडे दोन समुद्री वस्तू असतात. मोती शिंपल्याचा. कालव आणि शिंपले हेही मृदुकायच, पण दोन झडपांचे. त्यांना डोके नसते, पाणी गाळून त्यातले कण खाणे हाच त्यांचा उद्योग. एखादा परजीवी किंवा इजा झालेला पेशींचा तुकडा मांसल पडद्यात अडकला, की त्याभोवती कवचाच्याच चमकदार अस्तराचे थर चढतात आणि मोती होतो. वाळूचा कण ही गोष्ट शाळेत सगळ्यांनी ऐकलेली, पण कणाने मोती होणे क्वचितच घडते. परभणी १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होती, त्यामुळे इथल्या जुन्या घरांतले मोती बहुधा हैदराबादेहून आलेले, आणि बसरा मोती म्हणजे इराणच्या आखातातले. आज चारमिनारजवळ मिळणारे बहुतेक मोती मात्र समुद्राचे नसतात, ते चीनमधल्या गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांत वाढवलेले असतात.

पोवळे हा सराफी पेटीतला दुसरा माल, आणि इथे गट बदलतो. मंगळाच्या अंगठीतले लाल पोवळे भूमध्य समुद्रातल्या एका प्रवाळाच्या सांगाड्याचे असते. प्रवाळ म्हणजे हजारो चिमुकल्या प्राण्यांची वसाहत. प्रत्येकाला एक तोंड आणि भोवती आठ शुंडके, त्यांत डंख करणाऱ्या पेशी. सगळे मिळून खाली लाल चुन्याची फांदी उभारतात, आणि ती वर्षभरात मिलिमीटरच्या अंशानेच जाड होते. अंगठीत मावणारा खडा तयार व्हायला कित्येक दशके लागतात. आपल्या पाण्यातले प्रवाळ वेगळे, दगडी खडक बांधणारे. त्यांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते आणि सूर्यप्रकाशावर अन्न बनवून मालकाला देते, म्हणून त्यांना उथळ स्वच्छ पाणी लागते. मालवणजवळ ते आहेत, १९८७ साली तिथे सागरी अभयारण्य झाले. विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात बुडालेले एक पठार आहे, त्यावरही प्रवाळांची वस्ती आहे. त्या पठाराचे नकाशावरचे नाव आंग्रिया बँक, कान्होजी आंग्र्यांवरून पडलेले.

आता सुकटीचे पोते. बर्फ आणि आगगाडी येण्याआधी देशावर पोचणारा समुद्री मासा म्हणजे हा सुका मासाच. आजही मराठवाड्यातल्या आठवडी बाजारात मिरची-हळदीच्या पलीकडे, वासाने लांबूनच कळेल अशा जागी, सुकट आणि बोंबील विकायला बसलेली बाई दिसते. तिच्या पुढ्यातली सुकट ही मासा नव्हे. ओंजळभर घेऊन ताटात पसरा, एक उचलून उजेडात धरा. दोन-चार सेंटिमीटरांचे वाकडे शरीर, त्यावर जोडजोडाचे कवच, पुढे लांब मिश्या, दोन काळे डोळे. हा जवळा, म्हणजे कोळंबीच्या नात्यातला संधिपाद. खेकडा, कोळंबी, शेवंड, आणि जमिनीवरचे विंचू, फुलपाखरू, टोळ, सगळे याच गटातले. कवच ताणत नसल्याने वाढायचे तर जुने टाकून नवे घ्यावे लागते. जिवंत जवळा जवळजवळ पारदर्शक असतो आणि थव्यांनी वावरतो. उत्तर कोकण आणि गुजरातच्या समुद्रात त्याचे थवे इतके मोठे असतात की अर्धा समुद्र त्यांच्यावर जगतो म्हटले तरी फारशी अतिशयोक्ती होत नाही.

त्या जगणाऱ्यांत पहिला नंबर बोंबलाचा. शेजारच्या पोत्यात काडीसारखे वाळलेले जे पडले आहेत ते. ताजा बोंबील ज्याने पाहिला नाही त्याला या काडीवरून काहीच कल्पना येत नाही. ताज्याचे अंग लिबलिबीत, हाडे मऊ, वजनाचा बहुतांश भाग पाणी. मुंबई-वसईकडचे कोळी जोडीजोडीने बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून बांबूच्या मांडवावरच्या दोरीवर उन्हात टांगतात. मीठ लावत नाहीत. पाणी गेले की उरतो तो आपल्याकडे येतो. या मवाळ दिसणाऱ्या माशाचा जबडा मात्र शिकाऱ्याचा आहे, आत वळलेल्या सुईसारख्या दातांनी भरलेला, आणि प्रसंगी स्वतःच्या जातीची पिलेही तो खातो. बाजारातल्या बाईने शिकारी आणि शिकार शेजारी मांडून ठेवलेली असते. बोंबलाची आणखी एक लकब अशी की तो गुजरात आणि उत्तर महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर भरपूर, रत्नागिरीच्या खाली विरळ, आणि मग पुन्हा थेट बंगालच्या उपसागराच्या उत्तर टोकाला मुबलक.

बोंबील हा कणा असलेल्या प्राण्यांचा आपला पहिला नमुना. शहरातल्या हॉटेलांत आता बर्फातून सुरमई आणि पापलेटही येते. पापलेटला २०२३ साली महाराष्ट्राचा राज्यमासा ठरवले आहे. मुशी, म्हणजे लहान शार्क, यांपेक्षा निराळी: तिच्या अंगात हाड नाही, सगळा सांगाडा आपल्या कानात असते त्या कूर्चेचा.

पापलेटच्या आहारात एक गोष्ट आहे, तिच्यावरून आपण न येणाऱ्या प्राण्यांकडे जाऊ. ते जेलीफिश खाते. जेलीफिश म्हणजे प्रवाळाची सख्खी बहीण: एक तोंड, भोवती डंखाचे तंतू, आणि शरीरात शंभरातले पंच्याण्णव भाग पाणी. मेंदू नाही, हृदय नाही, रक्त नाही. उन्हात ठेवली तर पोत्यात भरायला काही उरत नाही. तरी या पाण्याच्या थेंबाने कोट्यवधी वर्षे समुद्रावर ठाण मांडले आहे. तिच्या डंखपेशीत गुंडाळलेला सूक्ष्म विषारी धागा असतो, स्पर्श होताच तो भाल्यासारखा सुटतो, आणि प्राणी मेल्यानंतरही सुटतो.

पावसाळ्यात मुंबईला गेलेल्या परभणीकरांनी एवढे जरूर लक्षात ठेवावे. जुलै-ऑगस्टमध्ये जुहू-गिरगावच्या वाळूवर निळे, फुग्यासारखे सुंदर काही पडलेले दिसते. मुले हमखास उचलायला धावतात. जेलीफिशच्या नात्यातली ती एक वसाहत आहे, फुग्याखाली कित्येक फूट लांबीचे निळे डंखतंतू असतात. डंख झालाच तर वाळूने चोळू नये, समुद्राच्याच पाण्याने धुवावे, चिकटलेले तंतू चिमट्याने काढावेत, सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवावा आणि दवाखाना गाठावा.

तारामासा, समुद्री साळू आणि समुद्री काकडी हे कंटकचर्मी. यांचे वैशिष्ट्य असे की पाच भागांत विभागलेल्या या शरीरात रक्ताऐवजी समुद्राचे पाणी नळ्यांतून खेळते आणि त्याच पाण्याच्या दाबावर शेकडो इवले पाय चालतात. तारामासा शिंपला उघडून आपले जठरच बाहेर काढतो, शिंपल्याच्या आत सरकवतो आणि तिथेच अन्न पचवून परत घेतो. गोड्या पाण्यात या गटातला एकही प्राणी नाही, त्यामुळे गोदावरीत कुठेही शोधला तरी सापडणार नाही. स्पंज याहूनही साधे: अवयव नाहीत, फक्त छिद्रे, आणि त्यांतून दिवसरात्र गाळले जाणारे पाणी.

मोठ्या प्राण्यांत कासव परभणीकरांना देवळातून माहीत आहे. पण गाभाऱ्यासमोरचे दगडी कासव बोटे-नखे असलेले, मान आत घेणारे. सागरी कासवाच्या पायांची वल्ही झालेली असतात, आणि मान किंवा पाय कवचात ओढून घेणे त्याला जमत नाही. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालते आणि परत फिरूनही पाहत नाही. पिलू नर की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन ही घरटी राखली. ही कासवे कुठवर जातात याचा एक धागा अलीकडे हाती लागला. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ मध्ये खूणपट्टी लावलेली एक मादी २०२५ मध्ये गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली.

देवमाशाला फुप्फुसे आहेत, तो पिलांना दूध पाजतो, आणि त्याची शेपटी माशासारखी आडवी नव्हे, वर-खाली हलते. २०१५ च्या जूनमध्ये रेवदंड्याच्या किनाऱ्यावर चाळीस फुटांहून लांब निळा देवमासा आला आणि तिथेच मेला. परभणीत देवमासा कधी आलाच असेल तर तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसात अत्तराच्या दुकानातून, तोही बहुधा नावापुरता. अंबर म्हणून ओळखला जाणारा सुगंधी पदार्थ दात असलेल्या एका मोठ्या देवमाशाच्या आतड्यात, त्याने खाल्लेल्या माकुळांच्या न पचणाऱ्या चोचींभोवती तयार होतो. भारतात त्याचा व्यापार बेकायदा आहे, तरी ‘देवमाशाची उलटी’ विकताना पकडल्याच्या बातम्या येतच असतात.

इथवरच्यांत परभणीला पोचलेले सगळे प्राणी कुणी ना कुणी आणलेले. समुद्रात जन्मून आपल्या पायांनी, म्हणजे परांनी, परभणीच्या दिशेने येणारा एक आहे: अहीर. सापासारखा लांब, निसरडा मासा. त्याची अंडी खोल हिंदी महासागरात पडतात. काचेसारखी पारदर्शक पिले प्रवाहाबरोबर किनाऱ्याला लागतात, नदीच्या मुखात शिरतात आणि प्रवाहाविरुद्ध चढत जातात. ओल्या दगडांवरून, बांधाच्या भिंतीवरून ती सरपटू शकतात. नदीत कित्येक वर्षे वाढून, एका पावसाळ्यात रंग पालटून, अहीर पुन्हा समुद्राकडे निघतो, तिथे अंडी घालतो आणि मरतो. गोदावरीच्या खोऱ्यात त्याची नोंद आहे. पण त्याच्या वाटेत १८५२ साली दौलेश्वरमचा बंधारा उभा राहिला, पुढे पोचमपाडचे धरण, बाभळी, आणि आपल्याच जिल्ह्यात डिग्रस, मुळी, मुदगल, ढालेगाव. प्रत्येक दरवाजा बंद झाला की वर चढणारी पिले घटतात.

गंगाखेड किंवा पालमच्या मासळीबाजारात सापासारखा मासा दिसला तर पाठीवरून बोट फिरवून पाहावे, शेपटीकडून डोक्याकडे. सुट्या काट्यांची रांग टोचली तर ती वाम, जन्मापासून मरेपर्यंत गोड्या पाण्यातली. काटे नसतील आणि पाठीवरचा मऊ पर शेपटीला वळसा घालून पोटाखाली सलग गेलेला असेल तर अहीर.